हांक कोणाची? दूरध्वनीच्या पाकिटावरील मजकूर कसा वाचावा

रात्रीं अवेळीं दारावर थाप पडली तर आपण आंतूनच "कोण आहे?" म्हणून विचारतों, आणि बाहेरून नुसतें "मी" असें उत्तर आलें तर कडी काढीत नाहीं. आवाज ओळखीचा वाटला, नांवगांव पटलें, म्हणजे मग दार उघडतें. ही सावधगिरी घरांतील लहान मुलांसहि निराळी शिकवावी लागत नाहीं. दूरध्वनीच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसेंहि ती विसरतात. घंटा वाजते, काचेवर एखादें नांव किंवा क्रमांक उमटतो, आणि जणूं काय तो सरकारी शिक्कामोर्तब होऊनच आला आहे अशा भरंवशानें आपण बोलूं लागतों. तो क्रमांक तेथें लिहिला कोणीं, हांक मारणारानें स्वतः कीं मधल्या कोणा जबाबदार संस्थेनें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येतच नाहीं.

हा प्रश्न आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. पोलीस, न्यायालय, जकात खातें यांचीं नांवें सांगून आणि "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे" अशी धमकी देऊन लोकांच्या जन्मभरच्या शिलकीवर डल्ला मारणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव इतका वाढला कीं, ता. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांस 'मन की बात' या आकाशवाणीवरील भाषणांत त्याविषयीं देशाला सावध करावें लागलें. अशा ठगांच्या हातांतील एक मोठें हत्यार म्हणजे काचेवर दिसणारा खोटा क्रमांक. म्हणून दूरध्वनीची हांक कशी निघते, तिच्यासोबत कोणता लेखी मजकूर जातो, आणि त्यांतील कोणत्या ओळीवर किती विश्वास टाकावा, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आधीं पत्र, मग बोलणें

जुन्या पद्धतीच्या दूरध्वनींत, बोलणें चालू असेपर्यंत, दोन घरांच्या मध्यें एक अखंड मार्ग राखून ठेवीत. इंटरनेटवर असा राखीव मार्ग नसतो. तेथें सर्वच मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधून पाठवितात, आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. आवाजाचेंहि तेंच. नेहमींच्या एका रीतीप्रमाणें आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाचा आवाज एका पुडक्यांत भरून रवाना करतात. म्हणजे एका बाजूनें सेकंदाला अशीं ५० पुडकीं निघतात. परंतु हीं पुडकीं पाठवावयाचीं कोठें? पलीकडचा मनुष्य जागेवर आहे काय? त्याला या वेळीं बोलावयाचें आहे काय? आवाज बांधण्याची आपली रीत त्याच्या यंत्रास समजते काय? एवढें सगळें पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीं ठरावें लागतें.

हें ठरविण्याची जी सर्वमान्य पद्धति आहे, तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिप' असें म्हणतात. तिचा पहिला प्रमाण मसुदा मार्च १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे अध्यापक हेनिंग शुल्झरिने आणि त्यांचे सहकारी मार्क हँडले, ईव्ह स्कूलर व जोनाथन रोझेनबर्ग हे त्याचे कर्ते. जून २००२ मध्यें सुधारलेली आवृत्ति निघाली. ३२६१ या अनुक्रमांकानें ओळखलें जाणारें तें टिपण आजहि या विषयाचा आधारग्रंथ आहे. मध्यंतरीं, नोव्हेंबर २००० मध्यें, भ्रमणध्वनीचे जागतिक नियम ठरविणाऱ्या मंडळानेंहि हीच पद्धति पसंत केली. त्यामुळें ही गोष्ट केवळ कचेऱ्यांतील इंटरनेट-फोनपुरती राहिली नाहीं. ता. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओनें आपली सेवा सुरू केली, तिच्यांतील बोलणें आरंभापासून याच रीतीनें जोडलें जात आहे. इतर कंपन्यांच्या 'व्होल्टी' सेवेचेंहि तसेंच. एवंच, वाचकांच्या खिशांतील फोन रोज हींच पत्रें लिहीत असतो. व्हॉट्सॲपसारख्या मंडळ्यांनीं आपापल्या खासगी रीती ठेविल्या आहेत. त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

सिपचा विशेष असा कीं, तिचा कारभार साध्या, मनुष्याला वाचतां येईल अशा अक्षरांत चालतो. हांक म्हणजे अक्षरशः एक पत्र असतें. तें पत्र मिळालें, त्याचें उत्तर आलें, म्हणजे मगच बोलणें सुरू होतें.

निमंत्रणाचा मायना

आपल्याकडील जुन्या पत्रांत मायन्याला किती मान असे, हें वडील मंडळींस सांगावयास नको. 'तीर्थस्वरूप', 'राजमान्य राजेश्री', 'चिरंजीव' या एका शब्दावरून कोणीं कोणास लिहिलें आणि दोघांचें नातें काय, हें कळत असे. सिपच्या या पत्राला 'इन्व्हाइट', म्हणजे निमंत्रण, असें नांव आहे, आणि त्याच्या मायन्यांतील ओळींना 'हेडर' म्हणतात. मूळ टिपणांत उदाहरणादाखल ॲलिस नांवाची बाई अमेरिकेंतील अटलांटा येथून बिलॉक्सी येथील बॉब या गृहस्थास बोलाविते, असें दाखविलें आहे. तेंच निमंत्रण पुष्कळ सोपें करून नागरी लिपींत येथें देतों:

इन्व्हाइट: बॉब, मुक्काम बिलॉक्सी
व्हाया: ॲलिसचें यंत्र, अटलांटा
मॅक्स-फॉरवर्ड्स: ७०
टू: बॉब
फ्रॉम: ॲलिस, टॅग अमुक
कॉल-आयडी: अमुक
सी-सेक: ३१४१५९ इन्व्हाइट
कॉन्टॅक्ट: ॲलिसच्या यंत्राचा प्रत्यक्ष पत्ता

यांपैकीं व्हाया, मॅक्स-फॉरवर्ड्स, टू, फ्रॉम, कॉल-आयडी आणि सी-सेक या सहा ओळी सिपच्या प्रत्येक विनंतिपत्रांत असल्याच पाहिजेत, असा दंडक आहे. निमंत्रणांत कॉन्टॅक्टहि लागतो.

पहिल्या ओळींत बॉबचें नांव आहे आणि 'टू' या ओळींतहि तेंच आहे. मग ही द्विरुक्ति कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ती द्विरुक्ति नव्हे. पहिली ओळ म्हणजे पाकिटावरचा पत्ता, आणि 'टू' म्हणजे आंतील मायना. घरचे गृहस्थ परगांवीं गेले असले तर शेजारी पाकिटावरील पत्ता खोडून नवा घालतात. आंतील 'तीर्थरूप दादांस' हें मात्र जसेंच्या तसें राहतें. बॉबनें आपल्या हांका दुसऱ्या यंत्राकडे वळविल्या असतील तर मधलीं केंद्रें पहिली ओळ बदलतात, परंतु 'टू' बदलत नाहींत. कोणास उद्देशून हांक निघाली आणि शेवटीं ती कोठें पोंचली, या दोन निराळ्या गोष्टी अशा रीतीनें निराळ्या राहतात.

कॉल-आयडी हा कचेरीच्या जावक क्रमांकासारखा असतो. तो पुन्हा दुसऱ्या हांकेस मिळावयाचा नाहीं. पण एवढ्यानें भागत नाहीं. बॉबचे तीन फोन असले, एक मेजावर, एक खिशांत आणि एक घरीं, तर एकाच निमंत्रणानें तिन्ही वाजूं शकतात, आणि तिन्हींकडून उत्तरें येऊं शकतात. तीं ओळखावीं कशीं? म्हणून प्रत्येक उत्तर देणारें यंत्र 'टू' या ओळीस आपली एक खूण जोडतें. तिला 'टॅग' म्हणतात. ॲलिसची खूण 'फ्रॉम'ला आधींच जोडलेली असते. जावक क्रमांक आणि दोन्ही बाजूंच्या खुणा हीं तीन जुळलीं, म्हणजे एक संभाषण निश्चित झालें. सी-सेक हा पत्रव्यवहारांतील अनुक्रम होय. उत्तरांत तोच आंकडा परत लिहावा लागतो, म्हणजे कोणत्या पत्राचें हें उत्तर, याचा घोळ होत नाहीं. मूळ उदाहरणांतील ३१४१५९ हा आंकडा पाहून गणिताच्या विद्यार्थ्यास हंसूं येईल. वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचे पहिले सहा अंक लेखकांनीं तेथें खुशाल घालून दिले आहेत.

मॅक्स-फॉरवर्ड्स ही ओळ टोलवाटोलवीवरील उपाय आहे. पत्र एका केंद्रांतून दुसऱ्या केंद्राकडे गेलें कीं हा आंकडा एकानें कमी होतो. ॲलिसनें ७० लिहिला, वाटेंत दोन केंद्रें लागलीं, म्हणजे बॉबच्या हातीं पडतांना तो ६८ झालेला असतो. दोन केंद्रांनीं चुकीच्या सूचनांमुळें एकमेकांकडे पत्र टोलवावयास आरंभ केला तर तें जन्मभर फिरत न राहतां आंकडा शून्यावर येतांच थांबतें, आणि '४८३' या अंकाचें, फार हेलपाटे झाले अशा अर्थाचें उत्तर परत येतें.

उत्तरें अशींच तीन अंकांचीं असतात. १०० म्हणजे प्रयत्न चालू आहे, १८० म्हणजे घंटा वाजत आहे, २०० म्हणजे उचलला. ४८६ म्हणजे गृहस्थ दुसऱ्याशीं बोलत आहेत, ४०४ म्हणजे या नांवाचें येथें कोणी नाहीं, आणि ६०३ म्हणजे बोलावयाचें नाहीं. २०० मिळाल्यावर ॲलिस एक पोंचपावती धाडते, आणि मग आवाजाचीं पुडकीं सुटतात. बोलणें संपलें कीं 'बाय' या नांवाची चिठ्ठी निघते.

निमंत्रणासोबत बहुधा एक पुरवणीहि असते. तींत आवाजाचीं पुडकीं कोणत्या पत्त्यावर पाठवावीं आणि आवाज बांधण्याच्या कोणकोणत्या रीती आपणांस समजतात, याची यादी असते. इंटरनेट-फोनवर पुष्कळदां एकाचें बोलणें ऐकूं येतें आणि दुसऱ्याचें येत नाहीं. त्याचें कारण बहुशः या पुरवणींतच सांपडतें. मोठ्या वाड्याचा रस्त्यावरचा पत्ता एकच असतो. आंतील चौक, माडी, माजघर हीं नांवें वाड्यापुरतींच. घरांतील इंटरनेट-यंत्राच्या मागें असलेल्या फोनलाहि असाच घरगुती पत्ता मिळालेला असतो. त्यानें पुरवणींत 'माजघर' एवढेंच लिहिलें तर बाहेरच्या मनुष्यानें पुडकें टाकावें कोठें? आपला आवाज त्याला पोंचतो, त्याचा आपल्यापर्यंत येत नाहीं.

वाटेवरचे शिक्के

आतां व्हाया या ओळीकडे वळूं. वर ती एकच दिसते, परंतु ती निघतांनाची स्थिति झाली. पत्र अटलांटाच्या केंद्रांत आलें कीं तें केंद्र आपली व्हायाची ओळ सर्वांत वर घालतें. बिलॉक्सीचें केंद्र त्याहिवर आपली घालतें. बॉबच्या हातीं पत्र येतें तेव्हां तीन व्हाया असतात, आणि त्या वरून खालीं वाचल्या म्हणजे हांकेचा मार्ग उलट क्रमानें कळतो. उत्तर परत जातांना पत्रावळींच्या चवडीप्रमाणें वरची ओळ काढून टाकीत टाकीत जातें, आणि शेवटीं नेमकें ॲलिसकडे पोंचतें. टपालाच्या पाकिटावर निघाल्या गांवाचा आणि पोंचल्या गांवाचा शिक्का असे, त्यांतलाच हा प्रकार.

येथें एक बारकावा आहे, आणि आपल्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. व्हायामध्यें पाठविणारा आपला पत्ता आपणच लिहितो. तो खरा असेलच असें नाहीं. म्हणून पत्र घेणाऱ्या केंद्रास अशी आज्ञा आहे कीं, पत्र प्रत्यक्ष ज्या पत्त्याहून आलें तो पत्ता आणि लिहिलेला पत्ता ताडून पाहावा, आणि फरक आढळल्यास त्याच ओळीच्या शेवटीं 'रिसीव्ह्ड', म्हणजे 'येथून मिळालें', असें म्हणून खरा पत्ता नोंदवावा. पेशवाईंतील कागद ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस यावरून पैवस्तीच्या शेऱ्याची आठवण होईल. पत्रांतील मिति लिहिणाराची असे. पत्र हातीं पडल्याची मिति, म्हणजे पैवस्ती, घेणाराकडे नोंदली जाई. इतिहाससंशोधक दोहोंची तुलना करतात तें उगाच नव्हे.

तात्पर्य, मायन्यांत दोन जातींचा मजकूर असतो. एक, लिहिणारानें स्वतःविषयीं सांगितलेला. दुसरा, वाटेवरच्या लोकांनीं त्याच्याविषयीं नोंदलेला. पहिला दावा आहे, दुसरा साक्ष आहे. हा भेद ज्याच्या लक्षांत आला, त्याला मायना वाचतां आला.

अर्थात् साक्षीदारहि पारखून घ्यावे लागतात. आपल्या स्वतःच्या केंद्रांनीं घातलेले वरचे शिक्के खरे मानावेत. त्यांच्या खालचे, परक्या हातून आलेले शिक्के बनावट असूं शकतात. शिवाय, दोन कंपन्यांच्या सीमेवर जीं रखवालदार यंत्रें बसविलेलीं असतात, तीं पुष्कळदां आलेलें पत्र ठेवून घेऊन त्याच्या आधारें नवेंच पत्र लिहितात. जावक क्रमांक नवा, व्हायाहि नव्या. घरची आंतील मांडणी परक्यास दिसूं नये, हा त्यांत हेतु असतो. परंतु त्यामुळें मागचा माग तुटतो, आणि ठगाचा शोध करणाऱ्या पोलिसांस एकेका कंपनीचीं दप्तरें उलट क्रमानें तपासीत जावें लागतें.

दावा, साक्ष आणि मोहोर

आतां 'फ्रॉम'. ही ओळ संपूर्णपणें हांक मारणाराच्या हातची आहे. पत्राखालीं सही करतांना जसा कोणीहि कोणाचेंहि नांव लिहूं शकतो, तसें येथें कोणताहि क्रमांक आणि कोणतेंहि नांव घालतां येतें. ही सवलत मुळांत ठगांसाठीं ठेविलेली नाहीं. मोठ्या कचेरींत दोनशें मेजें असतात, पण बाहेर मुख्य क्रमांकच दिसावा असें तिला वाटतें; डॉक्टर घरून रुग्णाला फोन करतो तेव्हां दवाखान्याचा क्रमांक दिसावा अशी त्याची इच्छा असते. हीं प्रामाणिक कारणें आहेत. परंतु ज्या फटींतून वारा येतो, तींतूनच विंचूहि येतो.

यावर पहिला उपाय नोव्हेंबर २००२ मध्यें लिहिला गेला. कंपनी आपल्या ग्राहकाची ओळख गुप्त परवलीच्या आधारें पटवून घेते आणि मग स्वतः एक निराळी ओळ घालते. तिचें नांव 'पी-असर्टेड-आयडेंटिटी', म्हणजे आम्हीं खात्री केलेली ओळख. ग्राहकानेंच अशी ओळ लिहून पाठविली तर ती काढून टाकावी, असा नियम आहे. ही ओळ दाव्यापेक्षां वरच्या दर्जाची खरी. परंतु तिचें मोल एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या कंपन्यांच्या कुंपणाआंतच. त्या साखळींतील एका कंपनीनें चौकशी न करितां ओळ घातली कीं पुढच्या सगळ्या तिच्या शब्दावर विसंबतात. काचेवर उमटणारा क्रमांक कधीं 'फ्रॉम'मधून घेतलेला असतो, कधीं या दुसऱ्या ओळींतून; पाहणारास तें कळण्याचा मार्ग नाहीं.

दुसरा उपाय फेब्रुवारी २०१८ मध्यें प्रमाण ठरला. त्यांत 'आयडेंटिटी' नांवाची ओळ असते, आणि तिच्यांत हांक मारणाराचा क्रमांक, ज्यास हांक मारली त्याचा क्रमांक आणि वेळ यांवर गणिती मोहोर केलेली असते. मधल्या कोणीं एक अंक जरी बदलला तरी मोहोर जुळत नाहीं. अमेरिकेंत डिसेंबर २०१९ मध्यें कायदा होऊन, तेथील मोठ्या कंपन्यांस आपल्या इंटरनेट-जाळ्यांत ही व्यवस्था करण्यासाठीं ३० जून २०२१ ही मुदत देण्यांत आली. तेथें मोहोरेच्या तीन प्रती आहेत. 'ए' म्हणजे या ग्राहकास आम्ही ओळखतों आणि हा क्रमांक वापरण्याचा त्याला अधिकार आहे. 'बी' म्हणजे ग्राहकास ओळखतों, परंतु क्रमांकाविषयीं हमी देत नाहीं. 'सी' म्हणजे ही हांक आमच्या दारांतून आंत आली, एवढेंच आम्हांस ठाऊक. सज्जन मनुष्य जसें जितकें पाहिलें तितकेंच सांगतो, तसाच हा प्रकार असल्यामुळें आम्हांस तो विशेष आवडला.

तथापि या मोहोरेसहि मर्यादा आहेत. हांकेचा एखादा टप्पा जुन्या पद्धतीच्या जाळ्यांतून गेला तर ही ओळ तेथेंच गळून पडते. आणि दुसरें, मोहोर क्रमांकाची असते, बोलणाऱ्याच्या सचोटीची नव्हे. स्वतःच्या खऱ्या क्रमांकावरून खोटें बोलणाऱ्यालाहि 'ए' प्रत मिळूं शकते.

वेशीवरची तपासणी

आपल्या देशांत ता. २२ ऑक्टोबर २०२४ रोजीं दूरसंचार खात्यानें एक निराळी योजना सुरू केली. तिचें तत्त्व वर सांगितलेल्या दावा-साक्ष भेदाचेंच आहे. हांक परदेशाकडील दारानें देशांत शिरत आहे, आणि तिच्या कपाळीं मात्र +९१ ने आरंभ होणारा हिंदी क्रमांक आहे, तर हा विसंवाद पाहून थांबलें पाहिजे. परदेशीं प्रवासास गेलेल्या आपल्याच ग्राहकाची हांक अशी येऊं शकते. तेवढी पडताळून बाकीच्या अडवावयाच्या. सरकारनें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें पहिल्या चोवीस तासांतच अशा सुमारें १ कोटि ३५ लाख हांका खोट्या ठरवून अडविण्यांत आल्या. हिंदी क्रमांक धारण करून परदेशांतून येणाऱ्या एकंदर हांकांपैकीं हें प्रमाण सुमारें शेंकडा ९० होतें. म्हणजे त्या दिवशीं परदेशच्या दारानें 'मी येथलाच' म्हणत आलेल्या दहांपैकीं नऊ जण तोतये होते!

तोतयांचा धंदा यामुळें अवघड झाला, परंतु बसला नाहीं. कांहीं परदेशी क्रमांक उघडपणें वापरूं लागले. कांहींजण 'सिम-बॉक्स' या नांवाची पेटी देशांतच लपवून ठेवतात. परदेशांतून इंटरनेटवरून आलेली हांक तींत शिरते आणि येथील खऱ्याखुऱ्या सिमकार्डावरून नव्यानें बाहेर पडते. अशा वेळीं वेशीवरचा रखवालदार काय करणार? त्याच्या समोरून कोणी गेलेंच नाहीं. चोरट्या पेट्या पोलिसांनीं धुंडाळून काढणें हाच त्यावर इलाज.

उलट हांक

हें सर्व वाचल्यावर एखाद्या वाचकभगिनीच्या मनांत सहज येईल कीं, ह्या ओळी तर आमच्या फोनवर दिसतच नाहींत. मग या ज्ञानाचा घरीं उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो फार मोठा आहे.

ठग 'फ्रॉम'मध्यें पाहिजे त्याचें नांव लिहूं शकतो. परंतु तुम्हीं जेव्हां फोन करतां, तेव्हां पहिली ओळ, म्हणजे पाकिटावरचा पत्ता, तुम्ही लिहीत असतां. तो पत्ता कोणाचा हें ठगाच्या म्हणण्यावर अवलंबून नसतें. कंपनीच्या दप्तरांत त्या क्रमांकाचा जो धनी असेल, त्याच्या दारींच तें निमंत्रण जातें. खोट्या सहीच्या पत्राला उत्तर पाठविलें तर तें सहीवाल्या खऱ्या गृहस्थाकडे पोंचतें. खोटी सही करणाराच्या हातीं कांहींच पडत नाहीं. म्हणून बँकेचें, पोलिसांचें किंवा परगांवच्या नातलगाचें नांव सांगून पैशाची किंवा परवलीची गोष्ट कोणी काढली, तर वाद न घालतां फोन खालीं ठेवावा, आणि आपण होऊन उलट हांक मारावी. मात्र ती काचेवर आलेल्या किंवा बोलणारानें सांगितलेल्या क्रमांकावर मारूं नये. बँकेच्या पासबुकावर अथवा कार्डाच्या पाठीवर छापलेल्या, किंवा घरच्या वहींत पूर्वींपासून लिहिलेल्या क्रमांकावर मारावी. सिम-बॉक्सच्या क्रमांकावर उलट हांक मारली तर ती पुन्हा चोराच्याच पेटीकडे जाईल, हें ध्यानांत असावें.

फोन खालीं ठेवणें हा उद्धटपणा होईल, असें आपल्याकडील वडील माणसांस वाटतें. ठगास ही भीड पक्की ठाऊक असते, आणि म्हणूनच "फोन बंद केलात तर अटक होईल" असें तो पुन्हापुन्हा बजावतो. ज्यानें खरोखर कचेरींतून फोन केला आहे, त्याला दहा मिनिटांनीं त्याच कचेरीच्या छापील क्रमांकावर तुमचा फोन आलेला चालतो. ज्याला चालत नाहीं, त्याचा दावा खोटा समजावा. फोनवर किंवा चित्रफोनवर कोणास अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं.

संशयास्पद हांकेची खबर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरील 'चक्षु' या दालनांत देतां येते; तें दालन मार्च २०२४ मध्यें उघडण्यांत आलें. पैसे गेलेच असतील तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. कारण पैसे पुढें कोणाच्या खात्यांतून कोणाच्या खात्यांत सरकतात, हें जितक्या लवकर पाहिलें जाईल तितकी ते अडविले जाण्याची आशा अधिक. आणि बँकेचा व कुटुंबांतील चार माणसांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो फोनजवळ लावून ठेवावा. घरांत आजी-आजोबा एकटे असतील तेथें तर हें काम आजच उरकावें.